तिकडची खूण

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या शब्बाथशाळेत, म्हणजे रविवारच्या मुलांच्या वर्गात, आराधना पहिल्या ओळीत बसायची. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, आणि ऐकू येत नाही म्हणून बोलता येत नाही. मी बायबलमधली योनाची गोष्ट सांगायचो, फळ्यावर मोठा मासा काढायचो, तीही वहीत तसाच मासा काढायची. पण माशानं माणसाला का गिळलं आणि तो माणूस आत बसून काय करत होता, हे तिला कुणीच सांगू शकत नव्हतं. एकदा मी तिच्या माशाच्या पोटात पेन्सिलीनं छोटा माणूस काढून दाखवला. तिनं माझ्याकडे रागानं पाहिलं आणि तो खोडून टाकला. माशाला भूक लागली आणि त्यानं माणूस खाल्ला, एवढंच तिला कळलं असणार, आणि ते तिला मुळीच आवडलं नव्हतं.

मी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत केली. हट्टी मुलं शिकवली, रडकी शिकवली, उसाच्या फडावरून येऊन वर्गात झोपणारीही शिकवली. या मुलीपुढे मात्र माझं काही चालेना. मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या होत्या, कानाच्या मशीनचा उपयोग नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मूकबधिरांच्या शाळेत घालायचं तर वसतिगृहात ठेवावं लागणार. आराधनाचा बाप मोटरसायकलच्या अपघातात गेलेला, त्यामुळे तिची आई मोनिका एकुलत्या एका मुलीला लांब ठेवायला तयार नव्हती. मायलेकी आराधनाच्या आजोबांकडे, मोनिकाच्या सासऱ्यांकडे, राहायच्या. ते आजोबा म्हणजे इमॅन्युएल तात्या, आमच्या मंडळीचे चेअरमन.

राहुरीच्या अलीकडे, मुळेच्या कालव्यावर आमचं गाव आहे. कालव्याच्या या अंगाला आमचं जुनं मंदिर, मिशनच्या काळातलं, दगडी, घंटा असलेलं. त्या अंगाला नव्या फेलोशिपचं, म्हणजे दुसऱ्या मंडळीचं, पत्र्याचं शेड. मध्ये फरशीचा पूल. आम्ही तान्ह्या बाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देतो, ते मोठेपणी कालव्याच्या पाटात पुरं बुडवून. आम्ही आपसात भेटलो की ‘सलाम’ म्हणतो, ते आपसात ‘प्रेझ द लॉर्ड’ म्हणतात. पुलावर समोरासमोर आलं तर दोन्हीकडचे लोक काहीच म्हणत नाहीत, चप्पल बघत पुढं जातात. दोन्हीकडची आडनावं एकच, पणजोबा एकच, दफनभूमीही एकच.

सिल्व्हिया त्या शेडमधल्या मंडळीची. मनमाडची मुलगी, वर्षभरापूर्वी लग्न होऊन आलेली. तिची आणि आराधनाची गाठ पडली पिठाच्या गिरणीत. मीही दळणाला गेलो होतो. गिरणी चालू असली की तिथं कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही, सगळे हातवारे करतात. आराधना आईचा डबा घेऊन उभी होती. सिल्व्हियानं ताज्या पिठात बोटं घातली, चटकन मागं घेतली, फुंकर मारल्यासारखा चेहरा केला आणि हाताची एक खूण केली. आराधनानं पिठात बोट घातलं. मग तिनं तीच खूण केली. पुन्हा पिठात बोट, पुन्हा खूण. मग तिनं माझा हात धरून माझ्या डब्यात घातला आणि मलाही खूण करून दाखवली. गरम. त्या मुलीनं मला सांगितलेली ती पहिली गोष्ट.

बाहेर आल्यावर मी विचारलं, “हे कुठं शिकलीस गं?”

“माझा धाकटा भाऊ असाच हाय, गुरुजी. आमी सगळे घरात हातानंच बोलतो. त्याच्याशी भांडायचं म्हणजे हात दुखून येत्यात.” ती हसली. मग म्हणाली, “हिला कोन शिकवतं?”

“कुणी नाही.”

“मग लौकर शिकवा. माझ्या भावाला आईनं लहानपनीच शिकवलं म्हनून तो आज दुकानात कामाला हाय. शेजारचा एक होता, त्याला कुनीच न्हाई शिकवलं. मोठा झाला, पन त्याला काय सांगताच येईना. मग तो नुसता मारायचा.”

त्या रात्री मी बराच विचार केला. सिल्व्हियानं आराधनाच्या घरी जावं, हे तात्या चालू देणार नव्हते. त्यांचा थोरला मुलगा बायकापोरांसह फेलोशिपमध्ये गेला होता, तेव्हापासून तात्या त्याच्या अंगणात पाय ठेवत नव्हते. पण शब्बाथशाळा दोन्हीकडची एकत्र झाली तर? आमच्याकडे हवेशीर खोली होती, फळा होता, शिकवायला मी होतो. मुलं मात्र मोजकीच उरली होती. त्यांच्याकडे मुलंच मुलं, पण ती भक्तीच्या वेळी शेडच्या मागं कालव्याकाठी हुंदडायची, कारण शिकवणारं कुणी नव्हतं. त्यांच्याकडे गिटार वाजवणारी पोरं होती, आणि सिल्व्हिया होती. दोन अर्धी घरं शेजारी शेजारी उभी होती, आणि दोघांनाही आपलं अर्धं घर म्हणजेच बंगला वाटत होता.

आधी गेलो फेलोशिपच्या पास्टर डेव्हिडकडे. माणूस वाईट नाही. कोरोनात आमची माणसं दारं लावून बसली होती तेव्हा यानं स्वतःच्या गाडीतून रुग्ण नेले, आमच्यातलेसुद्धा. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं.

“गुरुजी, काम चांगलं आहे. पण आमच्या पोरांना तुम्ही तान्ह्या मुलांच्या बाप्तिस्म्याचं शिकवाल.”

“मी योनाचं शिकवतो.”

“योना ठीक आहे,” तो म्हणाला. “योनाला देवानं पुरा पाण्यात घातला होता.”

मग तात्यांकडे. ते ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “माझा थोरला तिकडं गेला. नातू गेला. आता ही पोरगी राहिली, तीबी देऊन टाकू का?”

“द्यायची नाही, तात्या. आपल्याच खोलीत, आपल्याच फळ्यापुढं. ती बाई इकडं येणार.”

“आज ती इकडं येईल, उद्या आपली तिकडं जातील. त्यांचं असंच असतंय. आधी गिटार, मग पाट.”

दारात मोनिका उभी होती. सासऱ्यापुढे ती कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलली. “मामा, काल तिच्या पोटात दुखत हुतं. कुठं दुखतं ते कळायला मला रात्र गेली.”

तात्यांनी हातातली शेंग तशीच खाली ठेवली. “त्यांनी आमच्या पोरांना पाटात बुडवायचं न्हाई,” ते म्हणाले. “एवढं कबूल करून घ्या.”

दोन्हीकडची कबुली घेऊन आमची शाळा सुरू झाली. दर रविवारी दुपारी, दोन्हीकडच्या भक्ती संपल्यावर. शिवाय मधल्या दिवशीही सिल्व्हिया संध्याकाळी तासभर यायची. पहिल्या रविवारी मुलं खोलीत दोन बाजूंना बसली, मध्ये वाट ठेवून, जणू मध्ये कालवाच आहे. मी काही बोललो नाही. दोन्हीकडे मिळून रंगाचा एकच डबा दिला. अर्ध्या तासात वाट बुजली.

पुढचे तीन-चार महिने मला आयुष्यभर पुरतील. आराधना शिकत नव्हती, अधाशासारखी खात होती. भाकरी, पाऊस, शेळी, भाऊ, ये, नको, दुखतं. सिल्व्हियाच्या नाकात चमकी होती, म्हणून आराधनानं नाकाला बोट लावून तिचं नाव पाडलं. माझं नाव पाडलं टकलावरून. बाकीच्या मुलांनी तर खुणा अशा उचलल्या की गावच्या शाळेतल्या बाई माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या, “गुरुजी, तुमची पोरं परीक्षेत हातांनी उत्तरं सांगतात!” ओम नावाचा आमचा एक खोडकर मुलगा आराधनाशी खुणांनी भांडायचा आणि हरायचा. योनाची गोष्ट सिल्व्हियानं हातांनी सांगितली. माशानं योनाला किनाऱ्यावर ओकून टाकलं तेव्हा आराधना इतकी हसली की तिला उचकी लागली. मग ती माझ्याजवळ आली, जुनी वही उघडली आणि माशाच्या पोटात स्वतःच्या हातानं माणूस काढला.

मोनिका दारात उभी राहून बघायची. एकदा तात्याही येऊन गेले. आत आले नाहीत, बाहेर निंबाखाली थांबले. आराधनानं त्यांना खुणेनं विचारलं, आजोबा, भूक? तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी अर्थ सांगितला. ते म्हणाले, “जेवलोय, म्हनाव.” आणि लगेच तोंड फिरवून चालू लागले. मला वाटलं, जमलं.

बिघडलं ते डेव्हिडच्या प्रेमामुळे. हे मी उपरोधानं लिहीत नाही. त्याला ती मुलगी खरोखर आवडायला लागली होती. जानेवारीत त्यांची चंगाई सभा, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरे करायची सभा, होती, बाहेरून मोठे प्रचारक येणार होते. त्यानं मोनिकाला निरोप पाठवला, आराधनाला घेऊन ये, आपण विश्वासानं प्रार्थना करू. मोनिकानं सासऱ्यांना सांगितलं नाही. मला म्हणाली, “गुरुजी, तुमी चला संगं. झालं तर झालं. आई हाय मी.” तिला मी काय सांगणार? गेलो.

शेड भरलेलं होतं. पुढं फळ्यांचा मंच, त्यावर मोठा ड्रमचा संच. प्रार्थना झाली, लोक रडत होते, डेव्हिडही रडत होता. आराधनाला मंचावर लोकांकडे तोंड करून उभं केलं. डेव्हिड तिच्या मागं गेला आणि जीव तोडून ओरडला, “आराधना!” त्याच क्षणी ड्रमवाल्या पोरानं भारावून जाऊन मोठ्या ड्रमला पायानं दणका दिला. आराधना गर्रकन मागं वळली.

असा गजर झाला की पत्रे हलले. बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मोनिका मंचाकडे धावली. डेव्हिडनं माईकवर सिल्व्हियाला बोलावलं. “ताई, विचारा तिला. काय ऐकलं तिनं? लोकांना सांगा!”

सिल्व्हियानं विचारलं. आराधनानं वाकून स्वतःच्या तळव्याला हात लावला, मग मंचाच्या फळीला, आणि बोटं थरथरवून दाखवली.

सिल्व्हिया माईकवर म्हणाली, “ती म्हनती, पायाखाली थरथरलं.”

गजर ओसरला. मग बाहेरून आलेले प्रचारक माईक घेऊन म्हणाले, “हालेलुया! सामर्थ्य पायांकडून चढतं!” आणि पुन्हा गजर झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तो व्हिडिओ सगळ्या तालुक्यात फिरला. आराधना वळते, लोक ओरडतात, तिथंच तो संपत होता. खाली लिहिलं होतं, जुन्या मंडळीत अनेक वर्षं बहिरी राहिलेली मुलगी आमच्या सभेत ऐकू लागली. तात्यांना तो त्यांच्या थोरल्या मुलानंच पाठवला होता.

आमची कमिटी त्याच संध्याकाळी बसली. मी कितीतरी बैठका पाहिल्या, पण इतकी चिडलेली माणसं पाहिली नाहीत. एक जण म्हणाला, “आमच्यात राहून बहिरी व्हती म्हने! आमी काय तिचे कान कापले व्हते का?” दुसरा म्हणाला, “गुरुजींनी दार उघडलं, म्हनून मांजर आत आलं.” मी सांगितलं, सिल्व्हिया खरं बोलली, मंचावर माईकवर बोलली, तिला हाकलू नका.  शेवटी तात्या म्हणाले, “ती बाई चांगली असंल. पन ती त्यांची हाय.”

तिकडे सिल्व्हियाचंही असंच चाललं होतं. गिरणीत बायकांनी तिला घेरलं तेव्हा ती म्हणाली होती, “न्हाई ओ, ऐकू न्हाई आलं तिला. ड्रमचा धक्का लागला पायाला.” हे डेव्हिडपर्यंत गेलं. मी त्याला भेटलो तेव्हा तो दुखावलेला होता. “गुरुजी, माझ्याच मंडळीतली बाई देवाच्या कामाला खोटं पाडते. का? तर तुमच्याकडे जाऊन जाऊन तिचा विश्वास थंड झाला.”

“पास्टर, त्या मुलीला अजूनही ऐकू येत नाही. घरी जाऊन हाक मारून बघा.”

“हळूहळू येईल.”

“तोपर्यंत सिल्व्हिया तरी येऊ द्या.”

त्यानं डोळे मिटले. वाटलं, प्रार्थना करतोय. मग म्हणाला, “मोनिकाबाईंनी मुलीला घेऊन आमच्या भक्तीला यावं. मग सिल्व्हियाताई शिकवतील. आमच्याकडे.”

म्हणजे दोघांनाही आराधना हवी होती. आमच्या लोकांना ती आमच्यात बहिरी चालत होती, त्यांना त्यांच्यात ऐकणारी हवी होती. तिला हातांनी बोलता येऊ लागलं होतं याचं कौतुक कुणालाच नव्हतं. आमच्या मंदिराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, ‘त्या सर्वांनी एक व्हावे.’ त्यांच्या शेडमध्येही तेच वचन आहे, फ्लेक्सवर.

आमची शाळा पुन्हा सकाळची झाली, आमच्याच मुलांची. पहिल्या रविवारी आराधनानं ओमला खूण केली, निळा रंग दे. ओमनं रंग दिला नाही. दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसला.

“काय झालं रे?” मी विचारलं.

“आजी म्हनली, ती तिकडची खूण हाय. करायची न्हाई.”

“निळा रंग तिकडचा आहे का?”

त्यानं मान खाली घातली. “मला मार बसंल, गुरुजी.”

आराधनानं पुन्हा खूण केली. तिला वाटलं असावं की चुकली. मग हळू हळू, नीट, जसं सिल्व्हिया तिला शिकवायची तसं करून दाखवलं. दुसऱ्या मुलीकडे वळून केलं. कुणाचेच हात हलले नाहीत. मी उठून निळा रंग तिच्यापुढे ठेवला, तर तो तिनं घेतला नाही. नाकाला बोट लावलं आणि विचारलं, कुठं?

 मला भाकरीची खूण येत होती, पावसाची येत होती, शेळीची येत होती. जे झालं त्यासाठी माझ्याकडे खूण नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी पूल ओलांडून सिल्व्हियाच्या घरी गेलो. तिची सासू सविताबाई ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिनं मला बसायला सांगितलं नाही.

“गुरुजी, आमच्या घरात वाद नको. गान्याच्या ग्रुपमधून काढली तिला. तिचे मालक बोलेनात तिच्याशी.”

“मी शिकवायला बोलवायला आलो नाही, सविताबाई. एक शब्द विचारायचाय.”

सिल्व्हिया अंगणात कपडे वाळत घालत होती. चेहरा उतरलेला होता. तिनं सासूकडे पाहिलं, सासू तांदळातच बघत होती.

मी म्हणालो, “ती तुझं विचारते. काय सांगू?”

सिल्व्हियानं ओला टॉवेल दोरीवर टाकला. मग दोन मुठी समोरासमोर धरून एकमेकींवर आदळल्या, दोनदा. “भांडन,” ती म्हणाली. “माझ्या भावाला लई आवडायची ही खूण.” आणि बादली उचलून आत गेली.

त्या मुलीला दोन मंडळ्यांनी मिळून शिकवलेला तो शेवटचा शब्द.

पुढच्या रविवारी मुलं गेल्यावर मी आराधनाला थांबवलं. तिनं नाकाला बोट लावलं. मी दोन मुठी आदळून दाखवल्या. ती बघत राहिली. नवा शब्द मिळाला की ती लगेच करून बघायची, हसायची. या वेळी तिनं सावकाश मुठी वळल्या, एकदाच आदळल्या आणि विचारलं, कोण?

मी आमच्या मंदिराकडे बोट केलं. मग खिडकीतून, कालव्यापलीकडे दिसणाऱ्या पत्र्यांकडे.

तिनं दोन्हीकडे पाहिलं.  मग आपलं बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं आणि भुवया वर केल्या, माझ्यावरून?

मी मान हलवली. नाही. जोरजोरात हलवली. पण ती माझ्या मानेकडे बघतच नव्हती. माझ्या हातांकडे बघत होती, ते काही सांगतील म्हणून. मी ते वर उचलले आणि तसेच धरून उभा राहिलो.